ग्रीक सणावरचा बेभरवशाचा विकिपीडिया लेख काढायचा कसा?

प्राचीन ग्रीसच्या सणावारांबद्दल वाचताना कधीतरी असा एखादा विकिपीडिया लेख समोर येतो की वाचता वाचता भुवया वर जातात. सणाची तारीख थेट '२५ जुलै' अशी छापलेली, विधींचं वर्णन रंगवून रंगवून केलेलं, कोणत्या देवाला कोणता नैवेद्य इथपर्यंत सगळा तपशील, आणि तळाला संदर्भ म्हणून एक पर्यटन कंपनीचं पान. 'कुणीही बदलू शकतं ना? मग मीच काढून टाकतो,' असं वाटतं आणि इथेच बहुतेक नवे लोक अडकतात. इंग्रजी विकिपीडियावर अशा चर्चांमध्ये मी बरीच वर्षं वावरतो आहे. नव्या माणसाचा प्रस्ताव फेटाळला जातो तो सहसा एकाच कारणाने: लेख किती वाईट आहे हे तो सिद्ध करत बसतो, आणि ते कुणी विचारलेलंच नसतं.

वाईट लेख सुधारायचा असतो. काढला जातो तो बनावट लेख, चोरलेला लेख, किंवा ज्याच्या विषयावर भरवशाचं लेखन मुळात उपलब्धच नाही असा लेख. तुमचा लेख या तिन्हींपैकी कशात बसतो हे ठरवण्यातच निम्म्याहून जास्त काम आहे.

१. हाताशी काय हवं

- विकिपीडियाचं खातं. इंग्रजी विकिपीडियावर खातं किमान ४ दिवस जुनं आणि त्यावर किमान १० संपादनं हवीत. त्याआधी खाली दिलेलं ट्विंकल वापरता येत नाही.
- ट्विंकल नावाचं साधन. खात्याच्या पसंतीक्रमात गॅजेट म्हणून ते सुरू करता येतं. साचे (पानावर लावायच्या ठरावीक सूचना) लावणं, चर्चेचं पान तयार करणं, लेख लिहिणाऱ्याला कळवणं ही कामं ते एकदमच करतं. हाताने करायला गेलात तर एखादी पायरी हमखास राहते.
- सणाचं नाव ग्रीक लिपीत, आणि रोमन लिपीतली त्याची सगळी रूपं. हे अगदी महत्त्वाचं. एकच नाव कुणी 'के'ने लिहितं, कुणी 'सी'ने. 'बूफोनिया' या सणाच्या नावातला 'ऊ' कुठे 'ओयू' असतो, कुठे नुसता 'यू'. एकच रूप शोधून 'काही सापडलं नाही' म्हणालात, तर पुढच्या पाच मिनिटांत कुणीतरी दुसऱ्या रूपाने चार पुस्तकं काढून दाखवतं.
- पर्सियस (ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा ऑनलाइन संग्रह) आणि इंटरनेट अर्काइव्ह (जुन्या पुस्तकांचा). दोन्ही फुकट.
- जेस्टॉर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहाचं वैयक्तिक खातं; त्यावर काही लेख मोफत वाचता येतात. तुम्ही जुने संपादक असाल, म्हणजे ६ महिने आणि ५०० संपादनं झाली असतील, तर विकिपीडिया लायब्ररीतून, म्हणजे संपादकांना सशुल्क संग्रह मोफत उघडून देणाऱ्या सोयीतून, बरंच काही मिळतं.
- एक साधी वही किंवा फाइल. काय शोधलं, कुठे शोधलं, काय मिळालं हे लिहून ठेवा. पुढे प्रस्तावाचा मजकूर याच टिपणांतून निघतो.

२. सण खरोखर होता का, ते आधी तपासा

या पायरीवर घाई करू नका. ग्रीक सणांबद्दलची आपली माहिती फार विरळ आहे. काही सणांबद्दल भरपूर पुरावा आहे: अथेन्सचा पानाथेनाइया, बायकांचा थेस्मोफोरिया, मद्याचा देव डायोनिसस याचे उत्सव. पण कितीतरी सण आपल्याला कोशातल्या एका ओळीपुरतेच माहीत आहेत. हेसिखिअस या ग्रीक कोशकाराचा शब्दकोश किंवा दहाव्या शतकातला 'सूदा' हा बायझंटाइन ज्ञानकोश उघडला, तर नाव आणि पुढे 'अमक्या देवाचा सण' एवढंच असतं. त्या एका ओळीवर विकिपीडियाचा हजार शब्दांचा लेख उभा असेल, तर उरलेले शब्द कुठून आले हा प्रश्न विचारायलाच हवा.

तपासणीचा क्रम मी असा ठेवतो.

मूळ पुरावा कोणत्या प्रकारचा आहे? शिलालेख सापडला, तर सण होता याबद्दल फारसा वाद राहत नाही. अॅटिकातल्या, म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रदेशातल्या, एर्खिया या गावाचं इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं बळींचं वेळापत्रक दगडावर कोरलेलं मिळालं आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या देवाला, कोणता प्राणी आणि तो किती द्राख्माचा (द्राख्मा म्हणजे तिथलं नाणं), हे सगळं त्यात आहे. याउलट फक्त नंतरच्या भाष्यकारांची टीप असेल, तर सावध व्हा. हे भाष्यकार मूळ काळानंतर कित्येक शतकांनी लिहीत होते आणि न समजलेल्या शब्दाला एखादा सण जोडून मोकळे होत होते.

आधुनिक अभ्यासक काय म्हणतात? अथेन्सच्या सणांसाठी लुडविग डॉयबनर यांचं १९३२ चं जर्मन पुस्तक अजूनही पाहावं लागतं. रॉबर्ट पार्कर यांच्या अथेन्सच्या धर्मजीवनावरच्या २००५ च्या ग्रंथात शेवटी सणांची यादीच आहे, तिथून सुरुवात करणं सगळ्यात सोयीचं. तारखांसाठी जॉन मिकाल्सन यांचं १९७५ चं पुस्तक आहे. अथेन्सच्या वर्षातल्या एकेका दिवसाचा पुरावा त्यात मांडला आहे. सण अथेन्सबाहेरचा असेल तर मार्टिन निल्सन यांचं १९०६ चं पुस्तक बघा, कारण त्यांनी अॅटिकाचे सण मुद्दाम वगळले होते. यांपैकी कुठेच नाव नसेल, तर तुमच्या संशयाला वजन येतं.

तारीख कशी दिली आहे? अथेन्सचं पंचांग चांद्र महिन्यांचं होतं. पहिला महिना हेकाटोम्बाइऑन. तो साधारणपणे उन्हाळ्यातल्या अयनदिनानंतरच्या अमावस्येपाशी सुरू व्हायचा. पंचांग बघूनच सण कधी आला ते सांगणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. 'हा प्राचीन सण दरवर्षी २५ जुलैला' असं ठाम वाक्य दिसलं, तर दोन शक्यता: लिहिणाऱ्याला काही माहीत नाही, किंवा हा आजच्या काळातला पुनरुज्जीवित सण आहे. दुसरी शक्यता विसरू नका. ग्रीसमध्ये जुन्या देवांची उपासना करणारे गट आज आहेत, आणि १९९० च्या दशकापासून ऑलिम्पस पर्वताच्या परिसरात त्यांचे मेळावे भरतात. असा सण खराखुरा असतो, फक्त प्राचीन नसतो. तिथे लेख काढायचा की दुरुस्त करायचा हा वेगळा प्रश्न आहे.

विचित्र म्हणजे खोटं नव्हे. २१ मे रोजी, संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेन यांच्या दिवशी, उत्तर ग्रीसमधल्या लांगाडास, आगिया एलेनी अशा काही गावांत लोक संतांच्या मूर्तिचित्रांसह पेटत्या निखाऱ्यांवरून चालतात. अनास्तेनारिया म्हणतात त्याला. पूर्व थ्रेसमधून १९२० च्या दशकात आलेल्या निर्वासितांनी तो आणला. ऑर्थोडॉक्स चर्चला तो पसंत नाही. नुसतं वर्णन वाचून एखादा नवा संपादक त्यावर 'बनावट'चा शिक्का मारायला धावेल. गोव्यातल्या शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) होमकुंडातून जाताना पाहिलेला गोंयकार मात्र मुळीच दचकणार नाही. अनास्तेनारियावर मानववंशशास्त्रज्ञांनी भरपूर लिहिलं आहे, आणि त्याचा लेख काढायला गेलात तर हसं होईल.

आता एक खरं गुंतागुंतीचं प्रकरण सांगतो: आस्कोलिया. तेल लावलेल्या, फुगवलेल्या कातडी पखालीवर उडी मारून तोल सांभाळायचा, असा डायोनिससचा सण अथेन्सचे शेतकरी साजरा करत, असं जुन्या पुस्तकांत वाचायला मिळतं. आधार काय? इसवी सनपूर्व पहिल्या शतकात रोमन कवी व्हर्जिलने अथेन्सकर मऊ कुरणात पखालींवर उड्या मारत असं लिहिलं, आणि अॅरिस्टोफेनीसच्या एका नाटकावरच्या जुन्या भाष्यात आस्कोलिया नावाचा सण सांगितला आहे. पण नाटकातल्या ज्या क्रियापदावर हे भाष्य आहे ते प्लेटोकडेही येतं, आणि तिथे त्याचा अर्थ लंगडी घालणं एवढाच आहे, पखालीचा मागमूस नाही. १९५७ मध्ये जर्मन अभ्यासक कुर्ट लाटे यांनी दाखवून दिलं की हा 'सण' बहुधा व्याकरणकारांनी शब्दावरून रचला. एकोणिसाव्या शतकातल्या एका प्रसिद्ध इंग्रजी कोशात हाच प्रकार अँथेस्टेरियासारख्या डायोनिससच्या सणांमधला एक खेळ म्हणून दिला आहे, स्वतंत्र सण म्हणून नाही.

मग आस्कोलियावरचा लेख काढायचा का? माझं मत: नाही. ज्या सणाच्या अस्तित्वावरच अभ्यासकांनी वाद घातला, त्या वादावर लेख लिहिता येतो. सण झाला नसेल, पण त्याबद्दलचं लेखन खरं आहे. तुमच्या हातातला लेख या जातीचा निघाला तर पायरी ४ कडे जा.

३. संदर्भ एकेक करून उघडा

तळाला संदर्भांची लांब यादी आहे म्हणून लेख भरवशाचा, असं समजू नका. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तर आपल्या शेजारचं आहे. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात गोव्यात डिचोलीला युद्ध झालं, असा भलामोठा लेख जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर आला. त्याला 'चांगला लेख' असा दर्जाही मिळाला. शिवाजी महाराज तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांचे होते, मराठी शाळेतल्या पोरानेही ते पकडलं असतं! पण लेख पाच वर्षं टिकला. डिसेंबर २०१२ मध्ये तो काढला गेला, आणि तोही एका संपादकाने यादीतली पुस्तकं खरंच आहेत का हे शोधून पाहिलं म्हणून. ती नव्हतीच.

तेव्हा प्रत्येक संदर्भाला तीन प्रश्न विचारा. हे पुस्तक किंवा लेख अस्तित्वात आहे का? असेल तर त्या पानावर हा सण आहे का? आणि आहे तर तो संदर्भ विकिपीडियाच्या लेखाआधीचा आहे का? तिसरा प्रश्न लोक विसरतात. विकिपीडियावरून एखादा ब्लॉग उचलतो, ब्लॉगवरून एखादं वर्तमानपत्र, आणि मग तेच वर्तमानपत्र लेखाच्या तळाला संदर्भ म्हणून येऊन बसतं. लेखाच्या इतिहासात पहिल्या संपादनाची तारीख मिळते. संदर्भाची तारीख तिच्याशी जुळवून बघा. तीही संशयास्पद वाटली तर वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या सेवेवर) त्या पानाची जुनी प्रत शोधा.

जुन्या कोशातून शब्दशः उतरवलेला मजकूर दिसला, तर लगेच 'चोरी' म्हणून ओरडू नका. एकोणिसाव्या शतकातल्या कोशांचे हक्क केव्हाच संपले आहेत, आणि विकिपीडियावर त्यांतला मजकूर उघडपणे वापरला जातो. तो कालबाह्य असू शकतो, बेकायदा नाही.

४. काढण्याशिवाय दुसरा मार्ग आहे का?

चर्चेत पहिला प्रश्न हाच येतो, म्हणून उत्तर आधीच तयार ठेवा. सण खरा पण माहिती दोनच ओळींची, तर लेखाचं पुनर्निर्देशन मोठ्या विषयाकडे करता येतं, म्हणजे ते नाव उघडणारा वाचक आपोआप तिकडे जातो: एखाद्या देवतेच्या लेखाकडे, किंवा अथेन्सच्या सणांच्या यादीकडे. पुनर्निर्देशनाला कुणाची परवानगी लागत नाही. कुणी उलटवलं तर मात्र चर्चा करावी लागते. दोन चांगल्या ओळी दुसऱ्या लेखात हलवल्या तर मूळ लेख पुनर्निर्देशन म्हणून ठेवावा लागतो, कारण त्या ओळी कुणी लिहिल्या याची नोंद त्याच्या इतिहासात असते.

५. वाट निवडा

इंग्रजी विकिपीडियावर तीन वाटा आहेत.

*तातडीने काढणं.* लेख उघड-उघड बनावट असेल किंवा हक्क असलेला मजकूर जसाच्या तसा उचललेला असेल तरच. 'मला संशय आहे' एवढ्याने प्रचालक (लेख काढण्याचा अधिकार असलेले संपादक) साचा काढून टाकतात. २०२५ पासून एक नवा निकष आला आहे: एआयने लिहिलेला आणि माणसाने न तपासलेला लेख. अस्तित्वात नसलेली पुस्तकं संदर्भ म्हणून दिलेली असतील तर ही वाट बघायला हरकत नाही.

*प्रॉड.* कुणाचाच आक्षेप येणार नाही असं वाटत असेल तर हा साचा लावतात. ७ दिवसांत कुणी तो काढला नाही तर लेख जातो. गोम अशी, की तो कुणीही काढू शकतं, खुद्द लेख लिहिणाराही, आणि कारणही द्यावं लागत नाही. एकदा काढला की पुन्हा लावता येत नाही. परत लावून भांडत बसू नका. लेखावर पूर्वी कधी चर्चा झाली असेल तरी प्रॉड चालत नाही, म्हणून आधी चर्चा पान पाहून घ्या.

*एएफडी.* काढण्याबद्दलची खुली चर्चा. ग्रीक सणांच्या बाबतीत बहुतेक वेळा इथेच यावं लागतं. चर्चा किमान ७ दिवस चालते, मतं कमी पडली तर आणखी वाढवतात.

आणि चौथी वाट, जी वाट नाहीच: पान रिकामं करणं. ते खोडसाळपणा समजलं जातं, सांगकाम्याकडून (आपोआप संपादन करणाऱ्या प्रोग्रामकडून) काही मिनिटांत उलटवलं जातं, आणि पुढे तुमच्या रास्त प्रस्तावाकडेही लोक तिरक्या नजरेने बघतात.

६. प्रस्ताव लिहा

ट्विंकलमध्ये एएफडी निवडलं की मजकुरासाठी चौकट येते. इथे 'हा लेख म्हणजे कचरा आहे' छापाची भाषा नको. मराठीत सांगायचं तर प्रस्ताव साधारण असा असावा. इंग्रजीत तुमच्या शब्दांत लिहा:

> 'या सणाचा प्राचीन उल्लेख हेसिखिअसच्या कोशातल्या एका नोंदीपुरता आहे. पार्कर, डॉयबनर आणि मिकाल्सन यांच्या पुस्तकांत तो सापडला नाही. ग्रीक नावाने आणि रोमन लिपीतल्या तिन्ही रूपांनी जेस्टॉर व गूगल बुक्समध्ये शोध घेतला. लेखातले पहिले दोन संदर्भ पर्यटन संकेतस्थळांचे असून लेखानंतरचे आहेत. तिसऱ्या पुस्तकाच्या दिलेल्या पानावर सणाचा उल्लेख नाही. पुनर्निर्देशनासाठी योग्य लेख मिळाला नाही.'

बघा, यात एकही विशेषण नाही. काय शोधलं आणि काय मिळालं एवढंच आहे. न वाचलेल्या पुस्तकाचं नाव घेऊ नका. डॉयबनर जर्मनमध्ये आहेत, तुम्हाला जर्मन येत नसेल तर तसं सांगा; चर्चेत जर्मन वाचणारं कुणीतरी बहुधा असतं.

७. चर्चेचे दिवस

लेख लिहिणाऱ्याला सूचना गेली आहे ना, ते पाहा. प्राचीन ग्रीस आणि रोमच्या विकिप्रकल्पाच्या (त्या विषयावर काम करणाऱ्या संपादकांच्या गटाच्या) चर्चा पानावर 'या लेखावर चर्चा सुरू आहे' असं तटस्थ वाक्य टाकता येतं, आणि जरूर टाका. छोट्या ग्रीक सणाच्या चर्चेत एरवी कुणी फिरकत नाही, आणि कुणी बोललंच नाही तर लेख 'सौम्यपणे' काढला जाऊ शकतो. म्हणजे उद्या कुणीही विनंती केली की तो परत येतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकून 'सगळ्यांनी जाऊन डिलीट लिहा रे' असं मात्र करू नका. ही मतमोजणी नाही. चर्चा बंद करणारा मुद्दे बघतो, आणि नव्याकोऱ्या खात्यांवरून आलेली एकसारखी दहा वाक्यं बघून त्याला काय झालं ते लगेच कळतं. यात खाती अडवलीही जातात.

कुणी चांगला संदर्भ शोधून आणला तर तो वाचा. खरा निघाला तर प्रस्ताव मागे घ्या. बाकी कुणी 'काढा' म्हटलेलं नसेल तर चर्चा तिथेच बंद होते. प्रत्येक विरोधी मताखाली उत्तर लिहू नका. नवे तथ्य असेल तेव्हाच बोला.

८. निकालानंतर

निकाल 'एकमत नाही' असा आला तर लेख राहतो. लगेच पुन्हा प्रस्ताव टाकला तर लोक वैतागतात. काही महिने जाऊ द्या, तोवर लेखातली निराधार वाक्यं एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी संपादन सारांशात कारण लिहा. चर्चा बंद करताना प्रक्रियेत चूक झाली असं वाटलं तर आधी बंद करणाऱ्याला त्याच्या चर्चा पानावर विचारा. पुनर्विलोकनाची वेगळी जागा आहे, पण तिथे तेच मुद्दे परत मांडता येत नाहीत.

लेख गेला, तरी तो इंग्रजीतूनच गेला. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले निर्णय आपण घेतो. लेखाच्या आंतरविकि दुव्यांमधून इतर भाषांतल्या प्रती शोधा, आणि हे काम लेख काढला जाण्याआधीच करून ठेवा, नंतर दुवे सापडायला त्रास होतो. मराठीत भाषांतर साधनाने आलेली प्रत असेल तर तिच्यावर पान काढण्याची विनंती करणारा साचा लावा, चर्चा पानावर इंग्रजी चर्चेचा दुवा द्या, आणि उत्तर आलं नाही तर चावडीवर (मराठी विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर) प्रचालकांना कळवा. मराठीत प्रचालक मोजके आहेत, थोडा धीर धरावा लागतो. मूळ इंग्रजी चर्चा जोडलेली असली की त्यांनाही सगळं नव्याने तपासत बसावं लागत नाही.

विकिडेटा या विकिपीडियाच्या माहितीसंचावर सणाची नोंद उरली असेल तर तिथे वेगळी विनंती करावी लागते. गूगलमध्ये जुना मजकूर काही काळ दिसत राहतो; कालबाह्य मजकूर कळवण्याची त्यांची सोय आहे, ती वापरा. विकिपीडियाची नक्कल करणारी संकेतस्थळं मात्र कुणाचं ऐकत नाहीत. उद्या कुणी त्यांतल्याच एखाद्याचा आधार घेऊन लेख परत तयार करेल, म्हणून त्या नावाचं पान निरीक्षणसूचीत (ज्या पानांवरचे बदल तुम्हाला दिसत राहतात त्या यादीत) राहू द्या.